राजीखुशी पूर्ण नाही

पाच माणसं नेमून सुकुमार मगदुमांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी जमेला धरू. थोरल्या भावाचा जुना रुसवा निघणार होता. लेकीच्या लग्नात व्याह्यांच्या मानपानात राहिलेली कसर भरून निघणार होती. बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, यांना 'आम्हाला कोण विचारतंय' हे पालुपद काही दिवस तरी आवरतं घ्यावं लागणार होतं. कॉलनीचे अध्यक्ष खूश झाले तर गाडी लावायला कडुलिंबाखालची जागा मिळण्यासारखी होती. आणि हो, घरातले सगळे पासवर्ड, दस्त, दाखले सुरक्षित राहणार होते. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो लाभ मगदुमांच्या मनात सगळ्यात शेवटी होता.

मगदूम सहकारी संस्थांचे निवृत्त ऑडिटर. उभी हयात दुसऱ्यांच्या वह्यांत लाल खुणा करण्यात गेलेली. हा गृहस्थ देवदर्शनाला गेला तरी आधी दानपेटीचं कुलूप बघतो, असं मिरजेत त्यांच्याविषयी बोललं जाई, आणि ते खोटं नव्हतं.

त्या काळात लोकांची गुपितं बड्या कंपन्यांच्या परदेशी साठवणघरांतून इतक्या वेळा फुटली की सरकारनं एकदाचा नियमच केला: ज्याचं गुपित त्याच्याच घरी. बँकेनं ठेवायचं नाही, इस्पितळानं ठेवायचं नाही, कुणीच ठेवायचं नाही. मग 'कडीकुलूप' नावाचं अ‍ॅप निघालं. 'आमच्याकडे तुमचं काहीही नाही' हीच त्यांची जाहिरात. सगळा ऐवज तुमच्या फोनमध्ये आणि घरातल्या एका डबीत. दोन्ही गेलं तर? तर तुमची माणसं. तुम्ही नेमलेल्या पाच जणांच्या फोनमध्ये त्या ऐवजाचं मोहोरबंद गाठोडं पडून राही आणि मोहोर फोडायची किल्ली तुकड्यातुकड्यांनी अंगठ्यांमध्ये असे. पाच अंगठ्या त्यांच्या, सहावी मालकाची.

यामागचं गणित जुनंच. कागदावर तीन ठिपके काढा, त्यांतून जाणाऱ्या एका जातीच्या वळणदार रेघा हव्या तेवढ्या काढता येतात. चौथा ठिपका दिला की रेघ एकच उरते. ती रेघ कागदाच्या कडेला जिथं भिडते, तो आकडा म्हणजे किल्ली. सहा अंगठ्या म्हणजे त्या रेघेवरचे सहा ठिपके. कुठलेही चार एका सतरंजीवर आले की किल्ली तयार. तीनच आले तर पाऊण किल्ली मिळते असं नाही, काहीच मिळत नाही.

पण चोर गणिताला भीत नाहीत. त्यांनी नेमलेल्या माणसांना एका खोलीत कोंडून, गळ्याला सुरा लावून कुलपं उघडायला सुरुवात केली. तेव्हा कंपनीनं अंगठीला नाडी दिली. अंगठी वर्षभर बोटात राहून त्या माणसाच्या रक्ताची चाल, तळहाताचा घाम, आवाजातला कंप शिकून घेई. कुलूप उघडताना प्रत्येकानं म्हणायचं: 'मी राजीखुशीनं देतो.' खरेदीखतात असतं तेच, फक्त इथं ते तपासलं जाई. एकाचंही मन मागं ओढत असेल तर आवाज येई: 'राजीखुशी पूर्ण नाही.' कुणाची, ते सांगत नसे. सांगितलं तर चोर नेमका त्यालाच बडवेल. मालक खोलीत असेल तर त्याच्या राजीखुशीवाचून पान हलायचं नाही. तो दूर असेल तर त्यानं लिहून दिलेला वारस आणि पाचांतले चार जण पुरत. बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली तर मात्र कुलूप तो घातपात धरून चालायचं.

आता ही योजना ज्या देशात निघाली तिथं लोकांनी विश्वासातली माणसं नेमली असतील. आपल्याकडं मानाची नेमली.

मगदुमांनी रीतसर मुहूर्त बघितला. भूपालआण्णा थोरले, म्हणून पहिली अंगठी त्यांना. दुसरी जयसिंगपूरच्या व्याह्यांना, रावसाहेब चौगुल्यांना. तिसरी धनपालदाजींना. चौथी अध्यक्षांना. टॉवेल, टोपी, श्रीफळ, ताटात अंगठी. सगळ्या अंगठ्या कारखान्यातून एकाच मापाच्या आल्या होत्या, तरी रावसाहेबांनी आपली आण्णांच्या अंगठीशेजारी धरून बघितली.

"मला फोन तिसऱ्या नंबरावर केला म्हणं," दाजी श्रीफळ हलवून बघत म्हणाले. "आम्हाला कोण विचारतंय!"

पाचवी अंगठी उरली, तेव्हा त्रिशला, मगदुमांची बायको, म्हणाली, "ही शमीमला."

"कोण शमीम? शेजारची?"

"शेजारची म्हणजे काय, शमीम मुजावर. मला ऐकायला कुणी शिकवलं?"

मगदुमांनी अंगठी बाजूला काढून ठेवली. कारण ते खरं होतं.

त्रिशलाची श्रवणशक्ती ऐन पस्तिशीत एका तापात गेली. त्यानंतर बावीस वर्षं मगदूम तिचे कान होते. तिला ओठ वाचता यायचे, पण खात्रीनं फक्त नवऱ्याचे. बोललेलं अक्षरांत उमटवणारे चष्मे बाजारात आले होते. पण मिरजेतली चार माणसं एकदम बोलायला लागली की चष्मा हात टेकायचा, आणि त्रिशलाचं डोकं धरायचं. त्यापेक्षा नवरा बरा. जग काय म्हणतं ते तो सांगायचा. सांगताना थोडं गाळायचा, थोडं गुळगुळीत करायचा. सगळ्या दुभाष्यांना ही खोड असते.

मग नव्या जातीचं यंत्र निघालं. एक भाग कवटीच्या आत, त्याची बारीक तार कानाच्या शंखात, दुसरा भाग कानामागं. बाहेरचा भाग आवाज पकडतो, आतला तो मज्जातंतूला टोचून सांगतो. कुठल्या सुराला किती टोचायचं, याचा प्रत्येक माणसाचा एक नकाशा असतो, आणि तो महिनोन्महिने बसून काढावा लागतो. त्रिशलाचा नकाशा निम्मा इस्पितळात झाला आणि निम्मा शमीमच्या ओसरीवर. शमीमचं घर तंबोरे बनवणाऱ्यांचं. ती एकेक तार छेडायची आणि विचारायची, "वैनी, ही मघाच्यापेक्षा वर की खाली?" त्रिशला चुकायची, शमीम हसायची, पुन्हा छेडायची. वर्षभरात त्रिशला बाजारात एकटी जायला लागली. भाजीवालीशी स्वतः घासाघीस करायला लागली. लेक फोनवर म्हणाली, "आई, मी दरवर्षी तुला बंगळूरला बोलवत होते की," तेव्हा त्रिशलानं मगदुमांकडं नुसतं बघितलं होतं. मगदुमांनी पेपर वर धरला होता.

असो. पाचवी अंगठी शमीमला गेली. तिला टॉवेल-टोपी दिली नाही. ब्लाउजपीस दिलं.

---

चौतीस वर्षं संस्थांना मगदूम बजावत आले होते की रोकड आणि चाव्या एका कपाटात ठेवू नका. त्यांच्या घरात मात्र फोन, कडीकुलपाची डबी आणि त्रिशलाचं कानामागचं यंत्र, तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चार्जिंगला असत. कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर फुटला आणि तिन्ही एका दमात जळाली. वर फ्रिज वाचला, याचं समाधान मगदुमांनी दोन मिनिटं मानलं.

इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टर रश्मी कुपवाडे यांनी नवं यंत्र टेबलावर ठेवलं. "हे कोरं आहे. वैनींच्या डोक्यातल्या भागाला याची ओळख पटवणारी किल्ली लागेल, आणि नकाशा. दोन्ही मी तुमच्या हवाली केलं होतं."

"तुमच्याकडं प्रत असेल की."

"कायद्यानं ठेवता येत नाही. तुम्हीच सही केलीय, काका. लाल शाईनं."

"मग दुसरा मार्ग?"

"आतला भाग काढून नवा बसवणं. पहिल्याच वेळी त्यांच्या कानाची जागा फार नाजूक निघाली होती. पुन्हा उघडली तर उरलासुरला तंतू जाईल. मी तरी करणार नाही." डॉक्टर त्रिशलाकडं वळल्या आणि सावकाश म्हणाल्या, "तिजोरी उघडा. तेवढंच."

त्रिशलानं नवऱ्याकडं बघितलं. मगदुमांनी ओठांनी सांगितलं, "होईल. काही अवघड नाही."

---

अध्यक्ष मेलबर्नला मुलाकडं गेले होते, अंगठीसकट. राहिले चौघं. पैकी तीन आणि मालक पुरे होते, म्हणून मगदुमांनी नातेवाइकांनाच बोलावलं. शमीमला कशाला त्रास, असं ते म्हणाले.

अंगठ्या हाताच्या अंतरावर लागत, म्हणून सगळ्यांना एका सतरंजीवर बसावं लागलं. रावसाहेबांचे गुडघे दुखायचे.

"व्याह्याला खाली बसवायची पद्धत नवीन काढली का, मगदूमसाहेब?"

"गणिताची अट आहे ओ. आम्हीही खालीच की."

"तुम्ही घरचे." रावसाहेब कण्हत बसले. "लग्नात आम्हाला दुसऱ्या पंगतीला बसवलं, ते कुठल्या गणितानं होतं?"

"आता ते कशाला," भूपालआण्णा गरजले. आण्णा 'पाणी दे' हेही गरजूनच म्हणत.

त्रिशला समोरच्या खुर्चीवर बसून सगळ्यांचे चेहरे बघत होती. पहिल्यांदा आण्णांनी 'राजीखुशीनं' म्हटलं, मग रावसाहेबांनी, मग दाजींनी, शेवटी मगदुमांनी. नव्या फोनमधून एका बाईचा गोड आवाज आला: "राजीखुशी पूर्ण नाही."

पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी आण्णांनी सरळ रावसाहेबांकडं मान वळवली. "पंगत अजून पोटात आहे वाटतं."

"काय म्हणायचंय तुम्हाला? की मी त्या माउलीचे कान अडवून धरलेत?"

"मी म्हणत नाही. यंत्र म्हणतंय."

"यंत्रानं नाव घेतलंय का माझं?" रावसाहेब उठायला गेले, गुडघ्यानं ऐकलं नाही, दाजींनी हात दिला तो त्यांनी झिडकारला. "सूनबाईची आई म्हणून आलो होतो. मगदूमसाहेब, तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही आत्ता. लक्षात ठेवीन मी."

खरंच निघाला नव्हता. मगदुमांना वाटलं होतं, असेलही रावसाहेबांचंच. त्यांनी त्रिशलाला ओठांनी सांगितलं, "व्याह्यांना काम आहे, निघाले."

त्रिशलानं दाराकडं बघितलं. चपलेचा एक पाय उलटा घालून निघालेल्या माणसाला काय काम असतं, ते तिला दिसत होतं.

पुढच्या रविवारी शमीमला बोलावलं. आण्णा, दाजी, शमीम आणि मगदूम. शमीम हात पुसत आली, सतरंजीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मला काय म्हणायचंय सांगा, पटकन म्हणते. चुलीवर दूध आहे."

"राजीखुशी पूर्ण नाही," बाई गोडपणे म्हणाली.

म्हणजे रावसाहेब सुटले. पण ते मोठ्यानं कुणी म्हणालं नाही.

आण्णा आता दाजींकडं बघू लागले आणि दाजींनी ते ओळखलं. "बघा बघा. बहिणीचा नवरा. आम्हाला कोण विचारतंय, पण संशय घ्यायला आम्ही पहिले." त्यांनी फोन काढला. अंगठी ज्याच्या बोटात, त्याचा नाडीचा आलेख त्याला स्वतःला बघता यायचा. दाजींनी तो सगळ्यांसमोर धरला. "ही बघा माझी रेघ. सपाट. मला झोप येत होती."

"मग माझीही बघा," आण्णा गरजले. आण्णांची रेघ उंचच होती, पण एका पातळीत होती. राग ही त्यांची रोजचीच नाडी, आणि अंगठीनं ती वर्षभरात शिकून घेतली होती. शमीमनंही आपली दाखवली. मध्ये एक बारीक उंचवटा होता. "ते दूध," ती म्हणाली.

तिघांचे आलेख सतरंजीवर उघडे पडले. हिशेब तर सरळ होता, तिसरीतल्या पोराला सुटला असता. पण यजमानाला कोण विचारणार? आण्णांनी खाकरून घेतलं. दाजी म्हणाले, "रेंज नसेल हो नीट." आणि सगळ्यांनी चहा मागितला.

त्रिशलानं मगदुमांकडं बघितलं. ते चहा सांगायला आत गेले.

---

मगदुमांनी आपला आलेख त्या दिवशी बघितला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऑडिटमध्ये ज्या संस्थेचा चेअरमन वही 'उद्या देतो' म्हणायचा, त्याच्याविषयी त्यांचं मत पक्कं असे.

बाकी दिवस कसे चालले होते म्हणाल, तर बरे चालले होते, आणि खरी अडचण तीच होती. सकाळी फिरायला जाताना त्रिशला पुन्हा त्यांच्या उजव्या बाजूनं, ओठ दिसतील अशी चालायची. बाजारात भाजीवाली मगदुमांशी बोलायची. पेढीवर, दवाखान्यात, देवळात लोक म्हणायचे, "वैनींना सांगा हं." आणि ते सांगायचे. वर्षभर जो माणूस घरात पेपरामागं बसला होता, त्याला पुन्हा काम लागलं होतं.

बुधवारी शमीम दारात आली. त्रिशला खिडकीशी गहू निवडत होती.

"काका, वैनींना म्हणावं आज दुपारी या. मोठ्या तंबोऱ्याला तारा चढवतोय. ऐकू नाही आलं तरी भोपळ्यावर हात ठेवून बसा म्हणावं. हाताला लागतं ते." तिनं हवेत चार बोटांनी तार छेडून दाखवली. "विसरून जाईल नाहीतर त्यांचं मन. सुराला सवय ठेवायला पाहिजे."

"सांगतो," मगदूम म्हणाले.

ते आत आले. त्रिशलानं भुवया उंचावून विचारलं. दुपारी आपण दोघं पेन्शनच्या कामाला जाणार, तिथल्या बाबूशी आपण बोलणार, ती शेजारी बसणार, हे मगदुमांच्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं.

"साखर मागायला आली होती," ते म्हणाले.

वाक्य तोंडातून गेलं आणि मगच त्यांना ऐकू आलं. कुणी भाग पाडलं नव्हतं, काही मिळणार नव्हतं. हात सवयीनं खिशात जावा तसं ते खोटं गेलं होतं.

त्यांनी आतल्या खोलीत जाऊन आलेख उघडला. दोन्ही रविवारी, 'मी राजीखुशीनं देतो' म्हणताना, त्यांची रेघ ताडासारखी उभी होती. बाकीच्या वेळी सपाट. साखरेच्या वेळीही सपाट. तीच रेघ त्यांना जास्त लागली.

त्यांनी उपाय करून बघितले, नाही असं नाही. श्वास रोखला, सोडला. णमोकार मंत्र म्हटला. तिचं ऐकू येणं परत यावं असं मला मनापासून वाटतं, असं मनाला बजावलं. मन म्हणालं, वाटतं की. पण मग तुझं काय?

दोन वाटा होत्या. एक सोपी होती, ऑडिटरच्या नजरेला लगेच दिसणारी. काहीतरी निमित्त काढून घराबाहेर जायचं आणि चौघांना उघडू द्यायचं. कुणाला काही कळणार नाही. पण अध्यक्ष मेलबर्नला, म्हणजे चौघांत रावसाहेब हवेतच, आणि रावसाहेब निर्दोष सुटल्याशिवाय येणार नव्हते. त्यांना सोडवायचं तर दुसऱ्या कुणाला तरी धरून द्यावं लागणार होतं. दुसरी वाट म्हणजे काही न करणं. यंत्र बिघडलंय, माणसांत खोट आहे, नशीब आहे, म्हणून सोडून देणं. दोन वर्षांत लोक विसरले असते. त्रिशलाही उजव्या बाजूनं चालत राहिली असती.

मगदूम बाहेर आले. त्रिशला अजून गहू निवडत होती. ते समोर बसले, म्हणजे ओठ दिसतील.

"शमीम साखरेला नव्हती आली."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "साखर मागणारी बाई हात असे करत नाही." तिनं हवेत तार छेडली.

"आणि ते दोन रविवार. ते आण्णा नव्हते, दाजी नव्हते."

"तेही ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तुम्ही तपासून बघितलं असतं. आता तुम्ही स्वतःहून सांगताय." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "काय वाटतं नक्की तुम्हाला, मी ऐकायला लागले की?"

मगदुमांनी विचार केला. "तू परस्पर बोलतेस लोकांशी. मी नुसता बसून राहतो."

"बाकीची माणसं तशीच बसतात, अहो. त्याला संसार म्हणतात." मग ती म्हणाली, "मला त्या शांततेत परत बसायचं नाहीये. एवढं कळतंय ना?"

"कळतंय. कळून रेघ खाली येत नाही, त्याला काय करू?"

"तुम्ही बाहेर जा," त्रिशला म्हणाली. "पण सांगून जा."

---

जयसिंगपूरला रावसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मगदुमांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांना जाणवलं की लोकांनी आजवर आपल्यापुढं असंच सांगितलं असणार, आणि आपण मध्ये मध्ये घड्याळ बघत होतो.

रावसाहेब बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. "म्हणजे माझ्यात खोट नव्हती."

"नव्हती."

"आण्णांच्या तोंडावर म्हणाल?"

"म्हणतो."

"दाजींच्याही?"

"त्यांच्याही."

"आणि पंगतीचं?"

"पंगतीत आमचीच चूक होती."

"झालं तर मग." रावसाहेबांनी आत बघून हाक मारली, "अगं, व्याह्यांना सरबत आण. कधीचे बसलेत!"

रविवारी सतरंजी पुन्हा पसरली. मगदुमांनी उभ्यानंच सांगितलं. आण्णांना गरजायलाही सुचलं नाही, ते नेहमीच्या माणसासारखे बोलले, तेव्हा प्रकरणाचं गांभीर्य सगळ्यांना कळलं. "सख्ख्या बायकोचं चांगलं झालेलं नको तुला, सुकुमार?"

"हवंय. म्हणून तर निघालोय. वागायचं कसं ते माझ्या हातात आहे, आण्णा. कुलूप वागणं बघत नाही, नाडी बघतं."

"असली यंत्रं घरात घेऊच नयेत," दाजी म्हणाले. "माझ्या घरात सगळ्यांची रेघ बघितली तर मला दाराबाहेर राहावं लागंल."

शमीम हसली नाही. ती म्हणाली, "काका, चहा पिऊन जा." पण मगदूम निघाले.

गल्लीच्या तोंडाशी पानाची टपरी होती. तिथल्या बाकावर ते बसले.

"काय काका, घरातनं बाहेर काढलं काय?" टपरीवाल्यानं विचारलं.

"नाही. आपणहून आलोय."

"मग बरंय. साधं की मसाला?"

"साधं."

ते पान हातात धरून बसले. तोंडात घालायचं राहून गेलं. आपल्यावाचून चाललेलं काम बाहेर बसून बघण्याची सवय त्यांना नव्हती. आणि इथून तर दिसतही नव्हतं. आत आण्णांनी म्हटलं असेल, रावसाहेबांनी, दाजींनी, शमीमनं. वारस म्हणून त्रिशलानं. आता ती बाई काहीतरी वेगळं म्हणाली असेल. ती उघडल्यावर काय म्हणते, ते मगदुमांना माहीत नव्हतं. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं.

बराच वेळ गेला. मग त्रिशला येताना दिसली. कानामागं नवं यंत्र होतं. एक रिक्षा हॉर्न वाजवत मागून आली आणि ती वळून न बघता बाजूला झाली.

"सगळे एकदम बोलताहेत," ती बाकावर बसत म्हणाली. "रावसाहेब पंगतीची गोष्ट पहिल्यापासून सांगताहेत. मला पहिल्यांदाच नीट ऐकायला मिळाली. फार चुकलं हो आपलं."

"झालं ना सगळं?"

"झालं. शमीमचा आवाज जरा चिरका येतोय. डॉक्टर लावून देतील." तिनं यंत्र कानामागं नीट बसवलं. "मी आणखी एक केलं. सगळे होते तोवरच उरकलं. कानाचं सगळं तुमच्या तिजोरीतून काढून माझ्या नावच्या तिजोरीत घातलं."

"बरं केलंस."

"पाच माणसं नेमली. शमीम. आपली लेक. रावसाहेब, कारण ते चिडले तर तोंडावर चिडतात. डॉक्टर रश्मी फोनवर तयार झाल्या. आणि आण्णा. त्यांची नाडी सगळ्या जगाला पाठ आहे."

मगदुमांनी मनातल्या मनात बोटं मोजली. पाच भरली होती. त्यांनी विचारलं नाही.

"तुम्हाला घेतलं नाही," त्रिशला म्हणाली.

"हं."

"रागानं नाही. तुम्हाला घेतलं तर कधीतरी परत त्या सतरंजीवर बसवून तुमचं मन मोजावं लागंल. आपलं इतकी वर्षं न मोजता चाललंय. मला ते मोजून घ्यायचं नाही." तिनं त्यांच्या हातातलं पान घेऊन अर्धं तोडलं आणि तोंडात टाकलं. "चला. चहा गार झाला असेल."

मगदूम तिच्या डाव्या बाजूनं चालू लागले, सवयीनं. चार पावलांवर त्यांच्या लक्षात आलं, तिला आता कुठल्याही बाजूनं ऐकू येतं. मग ते तिथंच चालत राहिले.

आता कुणी काय दिलं ते मांडू. रावसाहेबांनी जपून ठेवलेला राग दिला आणि बदल्यात सगळ्यांना पंगतीची गोष्ट ऐकवली. ते फायद्यात राहिले. आण्णांची दुपारची झोप गेली. दाजींचं काही गेलं नाही, नव्या पाचांत त्यांचं नाव नसल्यामुळे पालुपद उलट पक्कं झालं. शमीमचं दूध दोनदा उतू गेलं. कंपनीनं काही दिलं नाही. आमच्याकडे तुमचं काहीही नाही, हे तिनं आधीच सांगितलेलं होतं. त्रिशलानं दीड महिन्याची शांतता दिली, आणि त्याआधीची बावीस वर्षं, ज्यांत लोक तिला काय काय म्हणाले होते ते तिला आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. आणि मगदुमांनी बायकोच्या पाचांतली जागा दिली. सगळ्या व्यवहारात राजीखुशीनं दिलेली चीज तेवढी एकच, आणि ती कुठल्याही अंगठीनं नोंदली नाही.